मानेचा मणका: मूळचाच वेगळा की तुटलेला?

बोन सेटमधला, म्हणजे अभ्यासाच्या सुट्या हाडांच्या संचातला, मानेचा मणका जरा निराळा दिसला की वहीत लगेच ‘व्हेरिएशन’, म्हणजे मूळचं वेगळेपण, असं लिहिलं जातं. अशा नोंदींमध्ये तुटकं हाडही सहज खपून जातं. वर्षानुवर्षं हाताळलेल्या मणक्यात ट्रान्सव्हर्स प्रोसेसच्या, म्हणजे मणक्याच्या बाजूंना निघालेल्या हाडाच्या, पातळ पट्ट्या लवकर मोडतात, आणि उरलेलं उघडं भोक पाहून नवखा हरखतो. म्हणून आधी भिंगाखाली कड तपासा. कड गुळगुळीत, गोलसर, बाकीच्या पृष्ठभागासारखी घट्ट असेल तर ती मूळचीच. आतलं जाळीदार हाड उघडं पडलं असेल तर मोडतोड समजा.

मग मणका नीट धरा. स्पाइन (मागे निघालेला काटा) तुमच्याकडे, बॉडी (पुढचा जाड भाग) पलीकडे. बॉडीच्या दोन्ही कडा जिथे ओठासारख्या उचललेल्या असतात, ती वरची बाजू. असा धरला की मणक्याचं डावं ते तुमचं डावं. अॅटलासला, म्हणजे मानेच्या पहिल्या मणक्याला, बॉडीही नाही आणि खरी स्पाइनही नाही. त्यात मूत्रपिंडाच्या आकाराचे खोलगट फॅसेट (सांध्याचे पृष्ठभाग) वर आणि लांब कमान तुमच्याकडे ठेवा. डाव्या-उजव्याची गल्लत इथेच होते आणि पुढच्या सगळ्या नोंदी उलट्या पडतात.

आता फोरामेन ट्रान्सव्हर्सेरियम, म्हणजे ट्रान्सव्हर्स प्रोसेसमधलं भोक. दोन भोकं दिसली तर सहसा मागचं लहान असतं आणि मध्ये हाडाचा पातळ पडदा असतो. पडदा अर्धाच असेल, नुसता काटा पुढे आलेला असेल, तर ‘अपूर्ण’ लिहा. मापाला व्हर्नियर वापरा, पण जबडे रेटू नका, पडदा कडकन जातो. लांबी-रुंदीची प्रत्येकी ३ मापं घेऊन सरासरी काढा. हे दुहेरी भोक खालच्या मणक्यांत, विशेषतः सहाव्यात, जास्त सापडतं. सातव्याचं भोक लहान असेल तर मात्र त्यात नवल नाही. मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल धमनी बहुतेकांत सहाव्या मणक्यातून वर शिरते, सातव्यातून फक्त बारीक शिरा जातात.

खरा वेळ द्यायचा तो अॅटलासला. मागच्या कमानीवर, लॅटरल मासच्या (फॅसेट असलेल्या बाजूच्या जाड भागाच्या) लगेच मागे, धमनीची खाच असते. कधी कधी तिच्यावर हाडाचा पूल पडतो आणि खाचेचं भोक होतं. या पुलाला पॉन्टिक्युलस पोस्टिकस म्हणतात. मऊ, बारीक तार घ्या, ट्रान्सव्हर्स प्रोसेसच्या भोकातून खालून वर काढा, मागे-आत वळवा आणि पुलाखालून मणक्याच्या कालव्यात आणा. धमनी नेमकी याच वाटेने जाते. पूल अर्धवट असेल तर लॅटरल मासकडून आलेला काटा हवेतच संपतो. त्याचं टोक आणि समोरची कमान, दोन्हीकडे खरबरीत खूण असेल, तर पूल होता आणि तुटला. या पुलाचं महत्त्व ऑपरेशन थिएटरमध्ये कळतं. बाजूने काढलेल्या एक्स-रेत तो कमानीचाच भाग वाटतो, कमान जाड आहे असं समजून सर्जन तिथून स्क्रू घालतो, आणि खाली धमनी असते. अशा स्क्रूआधी सीटी बघावाच.

मागच्या कमानीत मधोमध फट दिसली तर परत कडेची कसोटी. जन्मजात फटीची टोकं गोल, फ्रॅक्चरची टोकदार.

सातव्या मणक्यावरची बरगडी, म्हणजे सर्व्हायकल रिब, सुट्या हाडात हुकू शकते, कारण ती वेगळी निघून हरवलेली असते. एक्स-रेत आधी मणके मोजा. सातव्याची ट्रान्सव्हर्स प्रोसेस खाली झुकते, छातीच्या पहिल्याची वर उचललेली असते. प्रोसेस नुसतीच लांब असेल तर मध्ये सांधा दिसत नाही. बरगडी असेल तर बहुधा दिसतो, अर्थात ती प्रोसेसला जुळलेली नसेल तर. हात बधिर होण्याची तक्रार असेल तर हा फरक कामाचा, कारण बरगडी हाताकडे जाणाऱ्या सी-८ आणि टी-१ नसांवर दाब आणू शकते.

नोंद अशी असावी: ‘अॅटलास, डावी बाजू, पूल पूर्ण, कडा गुळगुळीत, तार आरपार, उजवीकडे साधी खाच.’ नुसतं ‘पॉन्टिक्युलस आहे’ लिहिलंत तर परीक्षक पहिला प्रश्न बाजूचाच विचारतो.