रायफलमध्ये स्टीलच्या काडतुसांनंतर पितळी पुंगळी (काडतुसाचं कवच) अडकत असेल तर: माझा अनुभव

टेक्सासमध्ये शूटिंग रेंजवर माझ्या .२२३ एआर-१५ रायफलमध्ये स्टीलच्या पुंगळीची स्वस्त काडतुसं नीट चालायची. पाठोपाठ पितळी भरली, की रिकामी पुंगळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा) घट्ट बसायची. अक्षरशः वैतागलो. मॅगझिन, एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याची) स्प्रिंग बदलून फरक शून्य.

स्टील पितळेइतकं फुगून चेंबर बंद करत नाही. काजळी मागे येऊन साचते आणि नंतरची पितळी पुंगळी तिच्यात रुतते.

आधी मॅगझिन काढा, चेंबर रिकामा असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा, मग बोल्ट कॅरियर (चेंबरमागचा मागेपुढे सरकणारा भाग) बाहेर घ्या. चेंबर ब्रशला (नळीचा ब्रश पुरत नाही) काजळी सुटी करणारं सॉल्व्हंट लावून घड्याळाच्या दिशेनेच फिरवा. थोडं मुरू द्या, पुन्हा फिरवा. माझा पहिला पॅच (पुसायचा कापडाचा तुकडा) डांबरासारखा निघाला. पॅच स्वच्छ येईपर्यंत पुसा, चेंबर कोरडा ठेवा. आता मी पितळी आधी संपवतो, स्टील नंतर.