रेडिएटर वरून गार? आधी हवा काढा
ठाण्यात सोसायटीची टाकी धुतली की नळ आधी फुसफुसतो, मग पाणी येतं. मुलांकडे इंग्लंडला गेलात आणि खोली गरम पाण्याने तापवणारा भिंतीवरचा रेडिएटर खालून गरम, वरून गार लागला, तर तिथेही हवाच अडकलेली असते. हीटिंग बंद करून रेडिएटर पूर्ण निवू द्या. घाई केलीत तर हात भाजेल. वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या व्हॉल्व्हखाली वाटी आणि जुनं फडकं धरा. व्हॉल्व्हची चावी घड्याळाच्या काट्यांच्या उलट, जेमतेम पाव फेरा फिरवा. फुस्स आवाज थांबून पाणी आलं, की लगेच बंद. मग कॉम्बी बॉयलरचा (हीटिंग आणि नळ, दोन्हींचं पाणी तापवणारं यंत्र) दाबाचा काटा बघाच: गार असताना दाब साधारण १ ते १.५ बार असावा. रेडिएटर खाली मधोमध गार असेल, तर गंजाचा काळा गाळ साचलाय. त्याला प्लंबरच लागतो.