ज्वारीच्या धसकटांनी तण दाबताना या चुका टाळा

ज्वारीच्या केशमुळांतून सॉर्गोलिऑन नावाचे पिवळे, तेलकट द्रव्य झिरपते आणि शेजारी रुजणाऱ्या तणांची वाढ खुंटते. कापणीनंतर जमिनीत उरलेली धसकटे कुजतानाही अशीच वाढरोधक द्रव्ये मातीत उतरतात. तण कोणते आणि पीक कोणते, हे त्यांना कळत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक चुका ही एक गोष्ट विसरल्यामुळे झाल्या आहेत.

सर्वांत महागात पडते ती घाईची पेरणी. काही वर्षांपूर्वी आम्ही खरिपाची ज्वारी काढली, धसकटे रोटाव्हेटरने मातीत मिसळली आणि वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, जाईल या भीतीने पाचव्याच दिवशी गादीवाफ्यांवर रोपासाठी कांद्याचे बी टाकले. तण खरोखरच कमी उगवले, परंतु कांदाही तुरळक आला, आणि उपटून पाहिलेल्या रोपांची मुळे नखाएवढी व टोकाशी तपकिरी पडलेली होती. बांधालगतच्या दोन वाफ्यांतून धसकटे वेचून बाहेर टाकली होती. तेवढ्याच जागेत रोप दाट होते. जुनी माणसे ज्वारीचा बेवड, म्हणजे पुढच्या पिकासाठी ती मागे ठेवते तो परिणाम, वाईट म्हणतात, ते उगीच नाही. तेव्हापासून मी धसकटे गाडल्यावर पाणी देतो, तीन-चार आठवडे थांबतो आणि आधी एका कोपऱ्यात चिमूटभर बी टाकून उगवण पाहतो. एवढा धीर नसलेल्याने कांद्याऐवजी हरभरा घ्यावा, कारण टपोरे बी हा ताण पुष्कळ सोसते.

दुसरी चूक अर्काची. वाळलेल्या ज्वारीचे तुकडे दहापट पाण्यात 24 तास भिजवून काढलेला अर्क गुडघाभर वाढलेल्या तणावर फवारून लोक दुसऱ्या दिवशी ते जळण्याची वाट पाहतात. पाकिस्तानात फैसलाबादच्या कृषी विद्यापीठात या अर्कावर बरेच काम झाले, पण तेथेही तो तणनाशकाची मात्रा कमी करण्यासाठी जोडीला वापरून पाहिला गेला. कोवळ्या तणावर त्याचा उपयोग आहे. खुरपणी त्याने टळत नाही.

लव्हाळा आणि हरळी यांच्या बाबतीत ज्वारीवर भरवसा ठेवू नये, कारण लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या काशा जमिनीखालून पुन्हा फुटतात; त्या वेचूनच काढाव्या लागतात.

धसकटांच्या जोडीला आच्छादन करायचे असेल तर फुलावर आलेले गाजर गवत कधीही वापरू नये, कारण त्याचे बी आपणच शेतभर पसरवतो.

तण दाबण्यासाठी दाट पेरलेल्या कोवळ्या ज्वारीत किंवा कापणीनंतर आलेल्या फुटव्यांवर जनावरे मुळीच सोडू नयेत. त्यांतील धुरिन या द्रव्यापासून पोटात हायड्रोसायनिक आम्ल हे विष तयार होते आणि किराळ लागून जनावर काही मिनिटांत दगावू शकते. पावसाने ताण दिला असेल तर धोका आणखी वाढतो, म्हणून अशा वेळी मी त्या शेताच्या बांधावरही जनावर बांधत नाही.