मोठा ट्राउट गाठीतून सुटू नये म्हणून

फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे कृत्रिम माशी लावून मासेमारी करताना, मोठा ट्राउट मासा निसटला की दोष दोऱ्याला दिला जातो. खरं तर बहुतेक वेळा गाठ कोरडी आवळलेली असते. घासून टिपेट, म्हणजे माशी बांधायचा दोऱ्याचा शेवटचा बारीक भाग, तापतं आणि नेमकं गाठीपाशी कमजोर होतं.

१. टिपेट गळाच्या डोळ्यातून ओवा, मूळ दोऱ्याभोवती ५-६ वेढे घ्या. टोक डोळ्यालगतच्या छोट्या फासातून काढा आणि तयार झालेल्या मोठ्या फासातून परत आणा.

२. आवळण्याआधी गाठ ओली करा. थुंकी चालते.

३. मूळ दोरा सावकाश, एका दमात ओढा. वेढे शेजारी-शेजारी बसायला हवेत. एकावर एक चढले तर कापून नव्याने बांधा.

४. टोक १ मिमी ठेवून कापा. गळ फोर्सेप्समध्ये (चिमट्यात) धरून जोरात ओढून बघा. तुटायचीच असेल तर इथेच तुटू दे.

तरीही मासा गेलाच, तर हातात आलेलं टोक बघा. डुकराच्या शेपटीसारखं कुरळं असेल तर गाठ सरकून सुटली आहे.

फेकताना वाऱ्याने दोऱ्याला आपोआप पडणारी बारीक गाठही तितकीच घातक. दर १५-२० फेकींनंतर टिपेटवरून बोटं फिरवा. खडबडीत लागलं की तेवढा तुकडा कापून टाका. उकलत बसू नका, दोरा तिथे आधीच चेपलेला असतो. मोठ्या स्ट्रीमरला (छोट्या माशासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम माशीला) ३एक्स या जाडीच्या क्रमांकापेक्षा, म्हणजे साधारण ०.२० मिमीपेक्षा, बारीक टिपेट नको.

कापलेले तुकडे पाण्यात टाकू नका, खिशात ठेवा. पक्ष्यांच्या पायात अडकतात.