संगीत महोत्सवात कोणते बँड ऐकायचे, हे कसं ठरवावं?

उन्हाळी संगीत महोत्सवाचं तिकीट हातात पडलं की वाटतं, आता सगळं ऐकायचं. ते कुणालाच जमत नाही. इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीला लहानमोठी मिळून शंभराच्या आसपास स्टेज असतात आणि त्यातल्या कितीतरींवर एकाच वेळी गाणं चालू असतं. डेन्मार्कचा रॉस्किल्ड, बुडापेस्टचा सिगेट, जपानचा फुजी रॉक, सगळीकडे हेच. एका बँडसमोर उभं राहिलात की त्या तासाचे बाकीचे सुटतात. काय सोडायचं हे घरबसल्या ठरवलेलं असलं, तर तिथे गर्दीत उभं राहून वेळापत्रकाशी झटापट करावी लागत नाही.

माझं मत सरळ आहे. दिवसाचा निम्मा वेळ आखावा, निम्मा मोकळा ठेवावा, आणि आखायला बसताना पोस्टरच्या तळापासून सुरुवात करावी.

पोस्टर खालून वर वाचा

सगळ्यात मोठ्या अक्षरांतली नावं तुम्हाला आधीच माहीत असतात. त्यांच्याबद्दल फार विचार करावा लागत नाही, आणि हे लोक एरवीही स्वतःचे मोठे दौरे करतात. खरा शोध बारीक अक्षरांत असतो. दुपारी दोनला छोट्या तंबूत वाजवणारा बँड तुम्हाला दहा-पंधरा फुटांवरून ऐकायला मिळतो. गिटारवाल्याची बोटं दिसतात, ड्रमर आणि बासवाला एकमेकांकडे बघून ताल कुठे बदलतात तेही कळतं. तोच बँड पुढे मोठा झाला, तर इतक्या जवळून पुन्हा मिळेलच असं नाही.

कागदावर तीन रकाने करा: ‘नक्की’, ‘जमलं तर’ आणि ‘माहीत नाही’. तिसरा सगळ्यात लांब होईल, आणि तो तसाच व्हायला हवा. महोत्सवाच्या तीन-चार आठवडे आधीपासून त्यातली रोज तीन-चार नावं ऐकत गेलात, तर यादी सहज संपते. शेवटच्या रात्री पन्नास बँड एकदम ऐकायला बसलात, तर सगळे सारखेच वाटू लागतात.

ऐकताना काय ऐकायचं

इथे बहुतेक जण घाई करतात. ॲपवर बँडचं नाव टाकायचं, सगळ्यात वर दिसणारं गाणं अर्धा मिनिट ऐकायचं आणि निकाल द्यायचा. ते गाणं स्टुडिओत थर चढवून घडवलेलं असतं. कधी त्यात पाहुण्या गायिकेचा आवाज असतो, आणि ती स्टेजवर येणारच नसते. त्यापेक्षा नव्या अल्बममधलं एक गाणं ऐका, जुन्यातलं एक ऐका आणि मग थेट सादरीकरणाचा व्हिडिओ लावा.

सिएटलच्या केईएक्सपी या रेडिओ केंद्राची स्टुडिओतली सत्रं आणि अमेरिकेतल्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओची ‘टायनी डेस्क’ मालिका यासाठी फार उपयोगी आहेत. टायनी डेस्कमध्ये कलाकार कार्यालयातल्या एका टेबलामागे, पुस्तकांच्या कपाटांसमोर उभे राहून वाजवतात. दिवे नाहीत, धूर नाही, मोठे पडदे नाहीत. तिथे जो सुरात गातो, तो स्टेजवरही सहसा सुरातच गातो.

त्यानंतर कुणीतरी गर्दीतून फोनवर केलेलं चित्रीकरण बघा. पहिलं गाणं सोडून द्या, जोशात ते कुणीही मारून नेतं. तिसरं-चौथं गाणं बघा. गायकाचा दम टिकलाय का? दोन गाण्यांच्या मधल्या वेळात बँड काय करतो? किती काही प्रत्यक्ष वाजतंय आणि किती लॅपटॉपमधून येतंय? लॅपटॉप वापरण्यात गैर काही नाही, पण तुम्ही वाद्यं ऐकायला जात असाल तर हे आधी कळलेलं बरं. सेटलिस्ट डॉट एफएम या संकेतस्थळावर बँड सध्या कोणती गाणी वाजवतोय याच्या याद्या मिळतात. एखाद्या जुन्या गाण्यासाठी जीव टाकत असाल आणि गेल्या कित्येक कार्यक्रमांत ते वाजलंच नसेल, तर तो बँड ‘जमलं तर’मध्ये गेलेला चांगला.

जागा आणि वेळ कोणती?

एकच बँड अंधारात तंबूत जादू करतो आणि भर उन्हात मोकळ्या मैदानावर फिका पडतो. हळुवार आवाजात गिटारवर गाणाऱ्याला मैदानावरचा वारा मारतो आणि शेजारच्या स्टेजचा बासही मारतो. खालच्या पट्टीतले आवाज लांबवर पोचतात, अडथळ्यांना वळसा घालून येतात. त्यामुळे असा कलाकार तंबूत किंवा कोपऱ्यातल्या लहान स्टेजवर असेल तर नक्की जा. मोठ्या स्टेजवर दोन जोरदार बँडच्या मधे असेल तर दोनदा विचार करा. ज्यांची अर्धी मजा प्रकाशयोजनेत आहे, त्यांना अंधार लागतो. ग्लास्टनबरी जूनअखेरीस होतो आणि तिथे तेव्हा सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. म्हणून संध्याकाळी आठचा कार्यक्रम म्हणजे रोषणाई असं धरून चालू नका.

दोन आवडते बँड एकाच वेळी असतील तर

तासवार वेळापत्रक आलं की डोकेदुखी सुरू होते. क्लॅशफाइंडर या संकेतस्थळावर अनेक महोत्सवांची वेळापत्रकं स्टेजनुसार शेजारीशेजारी मांडलेली असतात, कोण कुणावर येतंय ते एका नजरेत दिसतं. त्यात चालण्याचा वेळही धरा. मोठ्या मैदानावर एका टोकाच्या स्टेजवरून दुसऱ्या टोकाला जायला गर्दीत अर्धा तास सहज जातो.

निवड करताना मी पहिला प्रश्न विचारते तो हा: यातलं कोण मला पुन्हा ऐकायला मिळेल? जो बँड दरवर्षी दौऱ्यावर असतो त्याला सोडा. जो लांबून आलाय, क्वचित वाजवतो किंवा ज्याचं वय झालंय, त्याला धरा. ग्लास्टनबरीत रविवारी दुपारी ज्येष्ठ कलाकारांसाठी खास वेळ राखलेली असते. २०१४ मध्ये डॉली पार्टन, २०१५ मध्ये लायोनेल रिची आणि २०१९ मध्ये काइली मिनोग तिथे गायले. अशा वेळेला मी बाकी सगळं बाजूला ठेवीन.

दोघांचे अर्धे अर्धे ऐकावेत का? मला ते पटत नाही. चांगला बँड गाण्यांचा क्रम विचारपूर्वक लावतो, ओळखीची गाणी बहुधा शेवटाकडे ठेवतो. मधेच उठलात तर चढ ऐकता आणि शिखर चुकतं. अगदीच निर्णय होत नसेल, तर पहिल्याची सुरुवात ऐकून दुसऱ्याचा शेवट गाठण्यापेक्षा एकच कुठला तरी पूर्ण ऐका.

वेळापत्रकात अनोळखी नाव मोक्याच्या वेळी दिसलं तर कान टवकारा. २०२३ मध्ये ग्लास्टनबरीच्या मुख्य स्टेजवर ‘चर्नअप्स’ या नावाखाली फू फायटर्स हा प्रसिद्ध रॉक बँड आला, आणि २०२५ मध्ये ‘पॅचवर्क’ म्हणून छापलेला बँड पल्प हा तितकाच नावाजलेला ब्रिटिश बँड निघाला.

शरीराचा हिशेब

दिवसाला तीन-चार पूर्ण कार्यक्रम पुरेत, बाकीचं चालताबसता कानावर पडेलच. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज ८ तास चालतो, पण त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. मोठ्या स्टेजसमोर तेवढा आवाज नेहमीचाच. तेव्हा इअरप्लग घ्या आणि दोन जोरदार बँडच्या मधे एखादा शांत कार्यक्रम ठेवा. उभं राहायला ध्वनियंत्रकाच्या टेबलाजवळची जागा उत्तम, कारण तो स्वतःच्या कानाला तिथे जे ऐकू येतं त्यावरून आवाज जुळवत असतो.

शेवटच्या दिवसाचा शेवटचा कार्यक्रम ‘नक्की’मध्ये असेल, तर परतीचं वाहन त्याच रात्रीचं घेऊ नका. १९६९ च्या अमेरिकेतल्या वुडस्टॉक महोत्सवात गिटारवादक जिमी हेंड्रिक्स रविवारी रात्री समारोप करणार होता. पाऊस आणि खोळंब्यामुळे तो स्टेजवर आला सोमवारी, १८ ऑगस्टला सकाळी. चार लाखांच्या गर्दीतले बहुतेक लोक तोवर निघून गेले होते. त्याने गिटारवर वाजवलेलं अमेरिकेचं राष्ट्रगीत समोर उभं राहून ऐकलं ते मागे राहिलेल्यांनीच.

सोबत मित्र असतील तर

प्रत्येकाने रोज एक बँड ‘माझा’ म्हणून सांगावा आणि त्याला सगळ्यांनी जावं. बाकी वेळ ज्याने त्याने आपापलं फिरावं. भेटायची जागा आणि वेळ सकाळीच ठरवा, कारण एवढ्या गर्दीत फोन लागेलच याचा भरवसा नसतो.

मोकळ्या ठेवलेल्या निम्म्या वेळात यादी खिशात घाला आणि जे कानावर पडेल त्या दिशेने चाला. अनोळखी बँडला तीन गाणी द्या. नाहीच जमलं तर गाणं संपल्यावर, टाळ्या वाजत असताना बाजूने निघा. आवडलं तर नाव तिथल्या तिथे लिहून ठेवा, संध्याकाळपर्यंत ते डोक्यातून जातं. रात्री झोपण्यापूर्वी महोत्सवाच्या ॲपवर दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक पुन्हा एकदा बघा. कुणी आजारी पडतं, कुणाचं विमान चुकतं, वेळा सरकतात, आणि आदल्या दिवशी सुटलेला एखादा बँड अचानक दुसऱ्या स्टेजवर लागलेलाही दिसू शकतो.