रसायनाची सेफ्टी डेटा शीट कशी वाचावी, नागपूरच्या उन्हातल्या शेडमध्ये कशी वापरावी

ड्रम उतरवून घेताना चलन तपासलं जातं, वजन बघितलं जातं, सील पाहिलं जातं. सोबतची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाचे धोके आणि काळजी सांगणारा कागद, तेवढी थेट फाइलमध्ये जाते आणि ऑडिटच्या आदल्या दिवशी बाहेर निघते. नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरी या औद्योगिक भागांकडे तिला अजूनही बरेच जण एमएसडीएसच (मटेरियल सेफ्टी डेटा शीट) म्हणतात. नाव काहीही घ्या, त्या सोळा भागांची खरी गरज ड्रम उघडणाऱ्याला असते.

पायरी १ : शीट आपल्याच मालाची आहे का, ते बघा

भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण कायदा आला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम झाले. त्या नियमांनी ही शीट बंधनकारक केली, त्यामुळे पुरवठादाराकडे ती हक्काने मागा. आली की तीन गोष्टी जुळवा : ड्रमवरचं नाव, कॅस नंबर (प्रत्येक रसायनाचा जगभर एकच असणारा ओळख क्रमांक) आणि टक्केवारी. ग्लेशियल, म्हणजे जवळजवळ शुद्ध, ॲसिटिक ॲसिडचा कॅस नंबर ६४-१९-७. पातळ केलेल्या ॲसिटिकवरही हाच नंबर असतो, पण दोघांचा धोका एक नाही. म्हणून टक्केवारी सोडू नका.

नेटवरून उतरवलेली परदेशी कंपनीची शीट अभ्यासाला ठीक. पण तिच्यावरचा इमर्जन्सी नंबर रात्री दोनला बुटीबोरीहून लावून काय उपयोग? पुरवठादाराचा चालू नंबर आणि शीटची सुधारणा-तारीख पहिल्याच पानावर हवी.

पायरी २ : एक ते सोळा सलग वाचू नका

आधी भाग २, म्हणजे धोक्यांची ओळख. लाल चौकटीतली चित्रं आणि ‘धोका’ की ‘सावधान’ हा शब्द बघा. ‘धोका’ जास्त गंभीर. मग ९ (भौतिक गुणधर्म), ७ (हाताळणी-साठवण), ८ (मोजे-मास्क आणि मर्यादा), १० (कशाशी जमत नाही) आणि शेवटी ४ (प्रथमोपचार) व ६ (सांडलं तर). भाग ११ ते १५ सेफ्टी ऑफिसरने निवांत वाचावेत.

पायरी ३ : भाग ९ मधला फ्लॅश पॉइंट आपल्या उन्हाशी ताडून पाहा

माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित आकडा हाच. द्रवाची वाफ ज्या तापमानाला ठिणगीने पेट घेऊ शकते, तो फ्लॅश पॉइंट. टोल्युईन या सॉल्व्हंटचा (द्रावकाचा) सुमारे ४ अंश, म्हणजे ते बाराही महिने पेटायला तयार. पेट्रोलियम पदार्थांमध्ये २३ अंशांच्या खालचा फ्लॅश पॉइंट ‘अ’ वर्गात मोडतो. त्याची परवानगी देणाऱ्या पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटकं यांच्या सुरक्षिततेची केंद्रीय संस्था) मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

खरी गंमत ग्लेशियल ॲसिटिकची. त्याचा फ्लॅश पॉइंट सुमारे ३९ अंश. पुण्यात बसून शीट वाचणाऱ्याला वाटेल, बरंच सुरक्षित आहे. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ वर जातो आणि पत्र्याच्या शेडखाली कॅन त्याहून तापतो. म्हणजे दुपारी हा माल टोल्युईनच्या पंगतीला येऊन बसलेला असतो. भाग ७ मध्ये ‘थंड जागी ठेवा’ लिहिलेलं असतं. आपल्याकडे त्याचा अर्थ पत्र्याखाली नाही, स्लॅबखाली, उन्हाची भिंत सोडून.

डिसेंबरात उलटी तऱ्हा. ॲसिटिक १६.६ अंशांना गोठतं आणि नागपूरची रात्र त्याच्या कितीतरी खाली उतरते. सकाळी कॅनमध्ये दगड झालेला दिसला की कुणीतरी शेगडी किंवा हीटर जवळ आणायला धावतं. तसं करू नका. कॅन उबदार खोलीत ठेवून हळूहळू वितळू द्या.

याच भागात वाफेची घनता असते. टोल्युईनची वाफ हवेच्या तिप्पट जड, म्हणून ती जमिनीलगत सरकते आणि गटाराच्या तोंडाशी साचते. आता शेडच्या दारातला कूलर आठवा. त्याची साधी मोटर आणि लोंबणारी वायर ज्वालारोधक नसते. सॉल्व्हंट उघडण्याच्या जागेजवळ कूलर नको, उकाडा कितीही असो.

पायरी ४ : भाग ८ मध्ये ‘हातमोजे घाला’ एवढ्यावर थांबू नका

कोणत्या मटेरियलचे, किती जाडीचे आणि किती वेळ टिकणारे, ते शोधा. शीटमध्ये नसेल तर पुरवठादाराला विचारा. नायट्राइल रबर चांगलं, पण ॲसिटोनपुढे काही मिनिटांत हरतं. तिथे ब्युटाइल रबर लागतं. सुती हातमोजे तर ॲसिड पिऊन कातडीला चिकटून राहतात, त्यापेक्षा न घातलेले बरे.

मास्कचंही तसंच. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, त्याला सेंद्रिय वाफेचा कार्ट्रिज (मास्कला लागणारी गाळणी) लागतो. “वासच नाही येत, मंग कायले मास्क लावाचा?” हा प्रश्न प्रत्येक शिफ्टला ऐकू येतो. उत्तर भाग ८ मधल्या मर्यादेत आहे : ॲसिटिकसाठी आठ तासांची सरासरी १० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १० भाग). नाक हे मोजमाप नव्हे. हायड्रोजन सल्फाइड वाढला की तो आधी वासाची जाणीवच मारतो.

पायरी ५ : भाग १० घेऊन गोदामात फिरा

कशाशेजारी काय ठेवलंय ते कागदाशी ताडा. ॲसिटिकशेजारी नायट्रिक ॲसिड, पेरॉक्साइड किंवा कॉस्टिक सोडा नको. नायट्रिक सांडलं तर लाकडाचा भुसा टाकू नका, तो पेटू शकतो, वाळू टाका. संडास धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केली की क्लोरीन सुटतो. हा अपघात कारखान्याइतकाच ऑफिसातही होतो, म्हणून सफाईवाल्या मावशींनाही हा भाग वाचून दाखवा.

पायरी ६ : भाग ४ ची तालीम करा

डोळ्यांत गेलं तर किमान १५ मिनिटं पाणी, हे जवळपास प्रत्येक शीटवर असतं. मे महिन्यात दुपारी आयवॉशचा (डोळे धुण्याच्या फवाऱ्याचा) नळ उघडून बोट धरा. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी इतकं तापलेलं असतं की डोळ्यांवर कुणी १५ सेकंदही धरणार नाही. टाकीवर सावली करा, उघड्या पाइपला गुंडाळा आणि रोज सकाळी साचलेलं पाणी सोडून द्या.

अंगावर सांडलं तर कपडे काढून पाण्याखाली उभं करा. हळद, टूथपेस्ट, सोडा काहीही लावू नका. ॲसिड पोटात गेलं तर उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत नेताना शीटची प्रत सोबत द्या. ‘ॲसिड पडलं’ एवढ्यावर डॉक्टरांचं भागत नाही : हायड्रोफ्लोरिक असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट लागतं आणि ते नावावरूनच कळतं.

पायरी ७ : एका पानावर उतरवा

बारा पानांची इंग्रजी शीट रात्रपाळीत कुणी उघडत नाही. धोका, मोजे-मास्क, सांडलं तर, अंगावर पडलं तर आणि फोन नंबर एवढं मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरात लिहून ड्रमजवळ लावा. मूळ शीट कुलपाच्या कपाटात नको. ड्रममधून लहान भांड्यात काढलेल्या प्रत्येक थेंबालाही लेबल हवं. पाण्याच्या बाटलीत थिनर भरून ठेवायची सवय पहिल्याच दिवशी मोडून काढा.

रिकामे डबे भंगारवाल्याला देण्याआधी भाग १३ बघा. उरलेलं रसायन नालीत गेलं तर ते शेवटी नदीतच पोचतं आणि घातक कचऱ्यासाठी बुटीबोरीत सामायिक प्रक्रिया केंद्र आहे. पुरवठादार बदलला की जुनी शीट काढून टाका आणि भिंतीवरचं पानही त्याच दिवशी बदला.