पहिल्या स्कीसहलीसाठी रिसॉर्ट आणि शॅले कसे निवडावे

आल्प्समध्ये प्रथमच स्कीइंग शिकायला जाणारी मंडळी रिसॉर्ट ठरवताना बहुधा उतारांची एकूण लांबी पाहतात आणि तिथेच चुकतात. फ्रान्समधल्या थ्री व्हॅलीज या प्रदेशात सुमारे 600 किलोमीटरचे उतार एकमेकांना जोडलेले आहेत हे खरे. परंतु नवशिक्या माणसाचा पहिला आठवडा त्यांतल्या दोन-चार उतारांवरच जातो, आणि उरलेल्या शेकडो किलोमीटरचे पैसे मात्र डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या पासातून भरावे लागतात. त्याच्या दृष्टीने तीनच गोष्टींना महत्त्व आहे: राहण्याच्या जागेपासून स्की स्कूल जिथे जमते तिथपर्यंतचे अंतर, शिकाऊ उताराचा दर्जा, आणि तो उतार जमू लागल्यावर पुढे जाण्यासाठी त्याहून किंचितच अवघड असा एखादा लांब उतार.

या तिसऱ्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. सरकत्या पट्ट्याने वर जायचे आणि शंभर पावलांचा उतार घसरून खाली यायचे, एवढी सोय बहुतेक सर्वच रिसॉर्टांत असते. दोन-तीन दिवसांत वळणे आणि थांबणे जमू लागते, आणि नेमक्या त्याच वेळी पुढचा उतार एकदम तीव्र लागला, तर शिकलेले सारे विसरायला होते.

फ्रान्समध्ये उतारांची चढत्या काठिण्याची क्रमवारी हिरवा, निळा, लाल आणि काळा अशी असते. ऑस्ट्रिया, इटली आणि स्वित्झर्लंडमध्ये मात्र ती सहसा निळ्यापासूनच सुरू होते. त्यामुळे ऑस्ट्रियातल्या नकाशावर हिरवी रेघ दिसली नाही, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. रंग मात्र सगळीकडे सारखे नसतात. फ्रान्समधल्या व्हाल द'इझेरमध्ये डोंगरमाथ्यावर सौम्य उतार आहेत, पण गावाकडे परतणारे उतार त्यांच्या रंगावरून वाटतात त्यापेक्षा बरेच कठीण आहेत. ऑस्ट्रियातल्या सांक्ट आंटोनच्या निळ्या उतारांबद्दलही हेच म्हणता येईल. शामोनीचे नाव मोठे, पण तिथले स्कीचे भाग दरीभर विखुरलेले असून बसने ये-जा करावी लागते. पहिल्या खेपेस ही तिन्ही नावे बाजूला ठेवावीत.

रिसॉर्टचा नकाशा इंटरनेटवरून उतरवून घेऊन त्यावर बोट फिरवत पाहण्याइतका उपयुक्त अभ्यास दुसरा नाही. हे नकाशे बहुधा चित्रासारखे रंगवलेले असतात, त्यामुळे त्यांवरून चढ-उताराची तीव्रता किंवा अंतर यांचा नेमका अंदाज येत नाही. पण कोणता उतार कुठे संपतो, ते स्पष्ट कळते. शिकाऊ भाग गावातच आहे की गोंडोलाने (तारेवरून जाणाऱ्या बंद डब्याने) वर जावे लागते, ते प्रथम पाहावे. नंतर वरून गावापर्यंत हिरव्या-निळ्या रेघेवरूनच उतरता येते का, ते तपासावे. शेवटचा टप्पा लाल असेल, तर संध्याकाळी गोंडोलात बसून खाली येता येते का, हे रिसॉर्टला विचारावे. दिवसभर थकलेल्या पायांनी कडक झालेल्या बर्फावर लाल उतार उतरण्याची वेळ नवशिक्यावर येऊ नये.

या कसोट्यांना उतरणारी ठिकाणे बरीच आहेत. फ्रान्समधले आल्प द्युएझ 1860 मीटर उंचीवर असून गावाच्या थेट वर रुंद, मोकळे हिरवे उतार पसरलेले आहेत. ला प्लान्यच्या वरच्या वस्त्या 2000 मीटरच्या आसपास असून तिथे सौम्य निळ्या उतारांची रेलचेल आहे. मेरिबेलमध्ये आल्टिपोर्टच्या (डोंगरावरच्या छोट्या धावपट्टीच्या) परिसरात झाडीतून जाणारे हिरवे उतार मिळतात. ऑस्ट्रियात ओबरगुर्गल 1930 मीटरवर असल्याने तिथे बर्फाची बऱ्यापैकी शाश्वती असते. फ्रान्समधले ले जे हे गाव दिसायला देखणे आणि लहान मुलांच्या कुटुंबांना सोयीचे. मात्र ते सुमारे 1170 मीटरवरच असल्यामुळे उबदार हिवाळ्यात तिथला बर्फ दगा देऊ शकतो.

उंचीचा हिशेब मात्र एकाच बाजूने मांडू नये. फ्रान्समधले व्हाल तोरांस 2300 मीटरवर आहे, तिथे बर्फ टिकतो, पण झाडे नाहीत. ढग उतरले किंवा बर्फ पडू लागला, की आकाश आणि जमीन एकाच पांढऱ्या रंगाची होते आणि पायाखालचा उंचवटाही दिसत नाही. झाडी असलेल्या उतारावर अशा दिवशी निदान दिशा कळते. म्हणून जानेवारीत मध्यम उंचीचे, झाडीचे ठिकाण आणि मार्चअखेरीस उंचावरचे ठिकाण, अशी निवड मला योग्य वाटते. फेब्रुवारीत फ्रान्समधल्या शाळांच्या सुट्ट्या विभागवार सुमारे चार आठवडे चालतात आणि ब्रिटनमधली अर्ध्या सत्राची सुट्टीही त्याच काळात येते. मुलांच्या शाळेचे बंधन नसेल तर हे आठवडे टाळावेत, कारण शिकाऊ उतारावर गर्दी झाली की धडा कमी आणि थांबणेच जास्त होते.

आता शॅले, म्हणजे सुट्टीसाठी भाड्याने मिळणारे डोंगरी घर. "उताराच्या दारात" अशी जाहिरात असेल तर तो उतार कोणत्या रंगाचा, हे विचारावे. लाल उताराच्या काठावरचे दार नवशिक्याच्या काहीच कामाचे नसते. "पाच मिनिटांच्या अंतरावर" हे शब्दही तपासून घ्यावेत. स्कीचे बूट घोट्यात जवळजवळ वाकत नाहीत. ते घालून, खांद्यावर स्की तोलत, गोठलेल्या पायऱ्या उतरताना तीनशे मीटर फार लांब वाटतात. शॅलेची स्वतःची गाडी असेल तर ती सकाळच्या वर्गाच्या वेळेआधी सोडते का, हे पाहावे. बूट रात्रभर वाळवण्याची सोय असलेली खोलीही चैन समजू नये, कारण ओले बूट घालून सुरू झालेला दिवस सुधारत नाही.

जेवणासह शॅलेत न्याहारी, दुपारचा केक आणि रात्रीचे जेवण ठरलेले असते, पण आठवड्यातून एक दिवस कर्मचाऱ्यांची सुट्टी असते आणि त्या रात्री बाहेर जेवावे लागते. आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींनी केवळ "शाकाहारी" एवढे लिहून स्वस्थ बसू नये. त्या भागातल्या तार्तिफ्लेत या बटाटा-चीजच्या पदार्थात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, आणि रब्लोशाँ किंवा बोफोरसारख्या पारंपरिक चीजमध्ये प्राणिज रेनेट (वासराच्या जठरातून काढलेले विरजण) वापरलेले असते. हे चालत नसेल तर नोंदणीच्या वेळीच स्पष्ट लिहावे, किंवा स्वयंपाकघर असलेली जागा घेऊन डाळ-तांदूळ सोबत न्यावेत.

स्की स्कूलची नोंदणी शॅलेच्या बरोबरीनेच करावी आणि इंग्रजीत शिकवणारा गट मागावा. पूर्ण प्रदेशाचा पास घेण्याआधी नवशिक्यांसाठी स्वस्त पास किंवा शिकाऊ भागात मोफत लिफ्ट आहे का, ते पाहावे. अनेक ठिकाणी असते.

भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांना, ते लंडनमध्ये स्थायिक असले तरी, शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठीच्या किमान 30,000 युरोंच्या वैद्यकीय विम्यात स्कीइंगचा समावेश असेलच असे नाही, तेव्हा पॉलिसीत हिवाळी खेळांचा उल्लेख शोधावा. फ्रान्समध्ये उतारावरून जखमीला खाली आणण्याचेही पैसे पडतात. लिफ्टच्या पासाबरोबर विकत मिळणारा 'कारे नेज' हा विमा त्यासाठीच असतो. इटलीत 2022 पासून स्की करणाऱ्याकडे इतरांना झालेल्या इजेचा दायित्व विमा असणे बंधनकारक आहे.

बहुतेक शॅले शनिवार ते शनिवार दिले जातात, त्यामुळे त्या दिवशी जिनिव्हाहून तारांतेझ दरीकडे (वरील बरीचशी फ्रेंच ठिकाणे याच दरीत आहेत) जाणारे रस्ते तुंबतात. शक्य असल्यास त्या दरीतल्या मूतिये किंवा बूर-सँ-मोरीस या स्थानकांपर्यंत रेल्वेने जावे, आणि शॅले रविवारपासून मिळत असेल तर तेच घ्यावे.